कापलेला कावळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतानाही माझा एक डोळा दाराकडे आहे — वहिनी घरातच आहेत.

आमच्या शहरात, फ्रीगंज बाजारातल्या एका स्टुडिओत मी व्हिडिओ एका फॉर्मॅटमधून दुसऱ्यात करून देतो. जुन्या टीव्हीचं चित्र चौकोनी, आताचं लांबट. चौकोनीचं लांबट करताना एकतर बाजूंना काळे पट्टे सोडायचे, नाहीतर वरून-खालून कापायचं. माझं काम एवढंच — आणि तेवढंही मी नीट केलं नाही.

वहिनींनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोनं, शाळेची नोकरी सांभाळून एक कार्टून केलं होतं. छपरावर कावळा, खाली मोरीपाशी बेडूक, आणि दोघांचं भर दुपारी भांडण. कावळा अगदी वरच्या कडेला, बेडूक अगदी खालच्या — गंमतच ती होती. जुन्या कॉम्प्युटरवर केलेलं, म्हणून चौकोनी. मुलांच्या एका चॅनलनं ते बघायला मागवलं, पण लांबट हवं म्हणाले. मी ऐटीत म्हणालो, हा तर माझ्या हातचा मळ!

आणि केलं काय? पडदा भरलेला दिसावा म्हणून सरसकट वरून-खालून कापलं आणि न बघता पाठवून दिलं. हो, न बघता. चॅनलचा माणूस फोनवर म्हणाला, "भाईसाहब, इसमें तो दीवार बोल रही है." मी फाइल उघडली. कावळा नाही, बेडूक नाही. मधली भिंत तेवढी, आणि तिच्यावर दोघांचे आवाज.

पट्टे सोडून पुन्हा पाठवायला किती वेळ लागला असता? एक दुपार. पण मग चूक कुणाची, ते घरात कळलं असतं ना? मी घाबरलो. वहिनी पदराला हात पुसत समोर आल्या. "भावजी, साफ सांगा. मी बुरा नाही मानणार." आणि मी म्हणालो — चॅनलवाल्यांना तुमची चित्रं कच्ची वाटली.

कच्ची! त्या नुसतं "ठीक आहे" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी चित्र काढलेलं नाही. दिवाळीची रांगोळीसुद्धा आता छापाची असते.

दादा म्हणाला होता, दुसरीकडे पाठवून बघू. "कशाला?" असं म्हणणाराही मीच. मूळ डीव्हीडी अजून वहिनींच्या कपाटात आहे. ते कपाट वाजलं की मी हातातलं सोडून डोकावून येतो. कुणी ती लावली तर? कुणी वाखाणली तर? आणि भीती त्यांच्यासाठी वाटत नाही, माझ्यासाठीच वाटते — तेही सांगून टाकतो.

परवा पुतणीनं मोराचं चित्र काढलं. वहिनी तिला माझ्याकडे घेऊन आल्या. "काकांना दाखव. बाकी सगळे तोंडावर गोड बोलतात गं. मला खरं सांगणारे हे एकटेच निघाले."

चित्र सुरेख होतं. मी तसं म्हणालो. पोरीनं आईकडे पाहिलं.

"काका म्हणतात म्हणजे असणारच," वहिनी म्हणाल्या.