डब्याला लावलेलं बोट

मला जेवताना शेजार आवडत नाही. पण क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या त्या मंडईत, एक मुलगी रोज माझ्याच टेबलाशी यायची. सारावाकच्या जंगलातल्या आदिवासी गावची, इथे पाद्री व्हायला शिकत होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. हसली की लगेच तोंडावर हात धरायची.

एकदा मी शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला. तिचं पोट भरलेलं होतं. तिने डब्याला हळूच बोट टेकवलं आणि ओठांना लावलं.

"दिलेलं अन्न आम्ही नुसतं नाकारत नाही, आंटी. खायचं नसलं तरी असं बोट लावून मान देतो. जुन्या पाद्र्यांनी ही रीत अंधश्रद्धा ठरवून आजोबांना सोडायला लावली. आता कॉलेजातले सर म्हणतात, चूक चर्चची होती."

"मग आता?"

"ख्रिस्ती होताना आजोबांनी जे सोडलं, ते मी पाद्री होऊन त्यांना परत नेऊन देणार."

गावी परतण्याआधी तिने आपला डबा पुढे केला. आत डुकराचं मांस. मी पक्की शाकाहारी, 'नको गं' अगदी जिभेवर आलं होतं. मी डब्याच्या कडेला बोट टेकवलं आणि ओठांना लावलं.

त्या दिवशी हसताना ती तोंडावर हात धरायला विसरली.