मास्तरच्या गोष्टीला हूं

माझ्या मेव्हण्याइतका खोटं बोलणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात झाला नाही. हे मी सांगतोय, ज्याचा जन्म काष्टीच्या बैलबाजारात दलाली करण्यात गेला. म्हाताऱ्या बैलाला तरणा चारदाती म्हणून विकणारे मी पाहिलेत, लंगड्याला नाचरा म्हणणारे पाहिलेत. पण ते बिचारे पोटासाठी खोटं बोलत. माझा मेव्हणा फुकट बोलायचा, छापून बोलायचा आणि वर म्हणायचा, "दाजी, ह्यातला राजा खरा, किल्ला खरा, लढाई खरी. जीन आणि भुतं तेवढी माझी." नगरच्या एका शाळेत तो इतिहास शिकवायचा, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणत असू, आणि सुट्टीत काष्टीला आमच्याकडे येऊन कादंबऱ्या लिहायचा, म्हणून गाव त्याला बिघडलेला म्हणत असे.

आम्ही तिघांनी मिळून शेवटचं साधंसुधं काम केलं ते बियाण्याच्या शेंगा फोडण्याचं. वैशाखातली दुपार होती. ओसरीवर पोतं, पोत्याच्या अल्याड मी, पल्याड माझी बायको, आणि मधे तिचा हा धाकटा भाऊ, मांडीवर नव्या कादंबरीचे कागद घेऊन. एक शेंग फोडायचा, दोन ओळी वाचायचा. बायको दर ओळीला "हूं" म्हणायची. आमच्याकडे गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं हूं द्यावाच लागतो. हूं आला तर गोष्ट पुढं सरकते. नाही आला, तर सांगणाऱ्यानं तोंड मिटून उठावं. मास्तर चड्डीत होता तेव्हापासून त्याच्या गोष्टीला हूं द्यायचं काम माझ्या बायकोकडं होतं. त्या दिवशी मी त्याच्या हातावर चार दाणे ठेवले, तर यानं हात मागं घेतला.

"नको दाजी. माझ्या कादंबरीत अजून भुईमूग आलेला नाही."

"कुठनं यायचाय?"

"समुद्रापलीकडून. फिरंग्यांच्या गलबतातून. अजून बराच उशीर आहे."

"मग तवर उपाशी ऱ्हा!" मी म्हणालो. त्यालाही बायको सवयीनं "हूं" म्हणाली.

निम्मं पोतं झालं तशी उन्हं कलली. ती म्हणाली, "ऱ्हायलेलं उंद्या." पोत्याचं तोंड सुतळीनं बांधून तिनं गाठ मारली आणि चुलीकडं गेली. रात्री तिला ताप भरला तो उतरलाच नाही. महिन्याच्या आत ती गेली. पोतं मी कोपऱ्यात सारलं. त्या साली आमच्या रानात भुईमूग नव्हता.

आता मास्तरच्या खाण्याचं सांगायचं तर ते असं. ज्या काळाचं लिहायचा त्याच काळाचं जेवायचा. निजामशाहीतलं पहिलं पुस्तक लिहीत होता तेव्हा दोन महिने त्यानं मिरची वर्ज्य केली. "आक्का, मिरची अजून आलेली नाही. मिरी घाल." बायको बिचारी त्याच्यासाठी वेगळं पिठलं टाकायची, काळी मिरी ठेचून. ते पिठलं खाताना त्याचं तोंड एरंडेल घेतल्यासारखं व्हायचं, पण माणूस हटला नाही. मग एके दिवशी सकाळी ओरडतच आत आला, "आक्का, आली! गोव्याच्या बंदराला मिरची उतरली!" आणि तव्यावरचा अख्खा ठेचा भाकरीवर घेऊन बसला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि तोंडानं, "वा! वा!" शेजारची बाई कुणी गेलं की काय म्हणून बघायला आली होती.

त्याच्याबरोबर नगरात हिंडणं म्हणजे शिक्षा. मोकळ्या मैदानातून सरळ चाललोय, तर एकदम दंडाला धरून वळसा घालायला लावायचा. का, तर इथं सुलतानाचा हौद होता. "होता ना? आता हाय का?" "तुम्हाला दिसत नाही म्हणून भिजायचं का, दाजी?" वर मधेच थांबून कुणाला तरी मुजरा करायचा. मी इकडंतिकडं बघायचो. समोर एक गाढव उभं. मुजरा त्याला नव्हता एवढं मला कळायचं, पण टांगेवाल्यांना कळत नसे. ते हसायचे आणि मी मुंडासं सारखं करत पुढं व्हायचो.

शाळेतही तेच. एकदा वरून साहेब तपासणीला आले. वर्गाला विचारलं, "किल्ल्याचा खंदक कुणी खणला?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "जिनांनी!" साहेबांनी मास्तरकडं पाहिलं. हा घाबरला असेल म्हणता? छे. म्हणाला, "साहेब, जिनांना मजुरी काय दिली तेही विचारा. पोरांना पाठ आहे." साहेबांनी विचारलं नाही. वर्षभर याची बढती तेवढी अडून राहिली.

तीन कादंबऱ्या त्यानं पदरमोड करून छापल्या. खपल्या नाहीत. इतिहासवाले म्हणत, ह्यात भुतं कशाला? भुतंवाले म्हणत, ह्यात एवढ्या सनावळ्या कशाला? लग्नामुंजीत तो आहेरात पुस्तक द्यायचा; लोक भांडं मिळाल्यासारखं उलटंसुलटं करून बघायचे आणि ठेवून द्यायचे. उरलेले गठ्ठे आगगाडीनं काष्टीला आमच्या घरी आले. बायकोनं एक चवड स्वैंपाकघरातल्या फळीवर रचली आणि वर लोणच्याची बरणी ठेवली. फळी ओलसर होती, बरणीला कोरडी बैठक मिळाली. मास्तरला त्याचं वाईट वाटलं नाही. "आक्काच्या लोणच्याला टेकू दिला, एवढं तरी पुस्तकाचं चीज झालं," म्हणाला.

ती गेल्यावर काही महिन्यांनी त्या बरणीतली शेवटची फोड मी खाल्ली. बरणी धुवायला उचलली तर खाली पुस्तकावर तेलाचा गोल डाग. पुसायला म्हणून उघडलं. मी शिकलो दुसरीपर्यंत, तेही गुरुजींच्या छडीपुरतं. बोट ठेवून, मोठ्यानं, एकेक अक्षर लावत वाचतो. पहिल्याच पानावर एक जीन सुलतानाच्या बागेत येतो, ताडाएवढा उंच, डोळ्यांत निखारे. बागेतली माळीण खुरपं हातात घेऊन उठते आणि म्हणते, "मुडद्या, पाय पुसून ये. आत्ताच सारवलंय."

मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. परत वाचलं. तीच होती. अगदी तीच, माझी बायको. कमरेला पदर खोचून उभी.

मग मी थांबलो नाही. घासलेट रेशनवर होतं, दिवा जाळायची सोय नव्हती, म्हणून उजाडलं की ओसरीवर बसायचो ते उन्हं जाईपर्यंत. एका पुस्तकात ती माळीण होती, दुसऱ्यात सुईण, तिसऱ्यात कासारीण. पण बोलणं तिचंच, खोड तिचीच, रागावून झाल्यावर हातावर गुळाचा खडा ठेवायचं तेही तिचंच. आणि तिच्याभोवती ते नगर! जमिनीखालून खापरी नळ, नळातून घागरी घेऊन चाललेले जीन, किल्ल्याच्या बुरुजावर बसून पुढच्या शतकाची वाट बघणारी घुबडं. लढाई आली की मला घाम फुटायचा. अहो, मी बैलाचे दात बघून वय सांगणारा माणूस, मला खोटं चटकन कळतं. हे खोटं नव्हतं. मनाशी म्हणालो, हा माणूस लिहितो की! आणि ही गोष्ट नगर जिल्ह्यात फक्त एका बाईला ठाऊक होती.

पुढच्या वैशाखात मास्तर आला. वाळलेला, दाढी वाढलेली. कागद बरोबर होते, पण पिशवीतून बाहेर निघेनात. वर्षात एक ओळ लिहिली नव्हती.

"का रं?"

"हूं कोण देणार, दाजी?"

"मी देतो की."

"तुम्हाला जमायचं नाही."

खरंच जमेना. माझा हूं निघायचा तो बैल हाकल्यासारखा. "दाजी, हूं म्हणा, हुर्र नको." वजिरानं दगा द्यायचं ठरवलं तिथं मी जोरात हूं दिला, तर हा चवताळला, "अहो, तो दुष्ट आहे! त्याला कशाला हुरूप देताय?" पण हळूहळू बसला सूर. जुनी पानं वाचून झाली, आणि तो ओसरीवर पालथा पडून पुढचं लिहायला लागला. सकाळी लिहायचा, दुपारी वाचायचा, आणि पोतं कोपऱ्यात तसंच.

गोष्ट अशी होती. जीन रुसतात, नळाचं पाणी थांबतं, सगळं नगर तहानेनं व्याकूळ. तेव्हा ती माळीण हातात दिवली घेऊन जिनांना समजवायला नळाच्या भुयारात उतरते. हे ऐकताना मला बसवेना. मास्तरनं पान उलटलं आणि खाली मान घालून वाचलं, "पाणी आलं. माळीण परत आली नाही."

मी गप्प.

"दाजी, हूं."

मी गप्प. बाजारात मी एवढंच शिकलोय, सौदा पटला नाही की बोलायचं नाही. समोरचा आपोआप बोलतो.

"झोप लागली का?"

"न्हाई."

"मग हूं म्हणा. शेवटचं वाक्य आहे. हूं आला की कादंबरी संपली."

"न्हाई म्हनत. जा."

मास्तर उठून बसला. "दाजी, जादूलाही कायदा असतो. काही झालं तरी मेलेलं माणूस परत आणायचं नाही. तीन पुस्तकांत मी तो मोडलेला नाही."

"मेली कुठं? परत आली न्हाई एवढंच लिव्हलंस तू. भुयाराला दुसरं तोंड हाय का न्हाई?"

"आहे. डोंगराकडे. झऱ्यापाशी."

"मंग तिथनं काढ की तिला भायेर! जीन घागरी वाहत्यात ते चालतं, आन एक बाई डोंगराकडनं येत न्हाई?"

मास्तरनं कागद खाली ठेवले. मग म्हणाला ते इतकं हळू की मला पुढं वाकावं लागलं. "दाजी, ती बाहेर आली तर तिला बोलावं लागेल. आणि आक्काचं बोलणं मला आता ऐकू येत नाही. वर्ष झालं. कान लावून बसतो. नाही येत."

म्हणून अडलं होतं तर. त्याचा कायदाबियदा काही नव्हता. मी त्याच्याकडं बघितलं. पन्नाशीचा माणूस, तोंड वासून बसलेला.

"मला येतं," मी म्हणालो. "घी लिहून. भिजलीया, केस मोकळं, पायाला चिखूल. वर सगळं नगर रडत बसलंय. त्यांच्याकडं बघून म्हनती, 'मुडद्यांनो, मी खाली चिखलात आन तुमी वर बसून गळं काढताय व्हय? पानी भरा आधी! परत जाईल!'"

मास्तरच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, कुणास ठाऊक. पेन्सिल मात्र लागलीच चालली. दोन पानं लिहिली त्यानं, एका दमात. मग वाचली. माळीण झऱ्यापाशी बाहेर आली, सगळ्यांना झाडलं, आणि जिनांच्या म्होरक्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी हूं दिला. असा दिला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

ती चौथी कादंबरीही खपली नाही. तिचे गठ्ठे आता माझ्याच घरी आहेत. बरणी मी दुसरीकडं ठेवली, आणि येईल त्याला बसवून वाचून दाखवतो, हूं देण्याच्या अटीवर. पाहुणे कमी झालेत म्हणा. पण आमच्या ओसरीवर बसून ऐकलेल्या दोघा-तिघांनी पुढचं पुस्तक मागून नेलंय.

माळीण बाहेर आली त्या रात्री मात्र मी वर्षानं पहिल्यांदा सलग झोपलो. सकाळी उठून कोपऱ्यातलं पोतं ओसरीवर ओढलं. सुतळीची गाठ तिची होती. विळा हाताशी होता, पण कापली नाही. नखानं उकलत बसलो, सुटेपर्यंत. जुनं बी, उगवेल न उगवेल. फोडायला घेतलं. थोड्या वेळानं मास्तर डोळे चोळत आला, पोत्यापाशी मांडी घालून बसला, एक शेंग उचलून फोडली आणि दाणे चक्क तोंडात टाकले.

"का रं," मी म्हणालो, "आला का भुईमूग?"

"हूं," मास्तर म्हणाला.