तारेने कापलेला खडा

मामाच्या शेडमध्ये पाय टाकला की आधी नाक मरतं, मग भूक मरते. मामा साबण करतो. कपड्यांचा, पिवळट, विटेएवढा. त्याला लागतं खानावळींचं जळकं तेल. तळून तळून काळं पडलेलं, मासळीचा आणि करपल्या कांद्याचा वास मारणारं, तळाशी चिखल धरलेलं. दिवसभर तीनचाकीवर डबे लादून तो खानावळींच्या मागच्या दारांनी हिंडतो, ते गोळा करतो, चाळणीने गाळतो आणि कढईत कॉस्टिक सोडा घालून शिजवतो. लादी थिजली की ताणलेल्या तारेने तिच्या वड्या पाडायच्या. ते काम मामीचं.

इथवर माझी तक्रार नाही. पोटासाठी माणूस काय काय ढवळतो. मला शिसारी यायची ती मामाच्या जेवणाची.

सकाळी कोऱ्या चहावर निघायचा आणि पुढं दिवसभर तोंडात काही घालायचा नाही. का, तर फेरीतल्या शेवटच्या खानावळीतला आचारी त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायचा. तेल नेणाऱ्याला ताट, अशी त्या धंद्यातली रीत. ताटात तळणाचा चुरा, कोंबडीची कातडी, गारढोण बटाट्याचे काप, आणि वर चरबीची साय धरलेला रस्सा. मामा ती साय बोटाने खरवडून चाटायचा. हनुवटीवरून ओघळ आला की तो मनगटाने पुसायचा आणि मनगट पोटऱ्यांना चोळायचा.

"भाच्या, तोंड काय वाकडं करतोस? गाडीला वंगण लागतंच की!"

मग वंगण उलटलं. ताट चाटून आला की तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ, ती थेट पाठीत, खांद्यापर्यंत. मामा शेडच्या फरशीवर गुरासारखा लोळायचा आणि ओकायचा. हिरवं, कडूजहर, तार सुटणारं. मामी त्यावर राख टाकून खराट्याने ओढायची आणि मी दाराबाहेर शर्टात नाक खुपसून उभा.

सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं, "तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आवळतं आणि पित्त सोडतं. तोंडाशी खडा बसला असेल तर नुसतं आवळत राहतं, तीच तुमची कळ. आणि दिवसभर उपाशी राहता, तेव्हा पित्त आतच साचून दाट होतं. तेही खड्यांच्या पथ्यावरच पडतं."

"मग तेलकट सोडतो."

"सोडाच. दुखणं कमी होईल. पण झालेले खडे जिरायचे नाहीत. पित्ताशय काढावं लागेल. एखादा खडा घसरून नळीत अडकला तर कावीळ होईल, जिवावर बेतेल."

मामीने ऐकलं 'जिवावर बेतेल'. मामाने ऐकलं 'काढावं लागेल'. उकळत्या कॉस्टिकला न भिणारा हा गडी सुईला मात्र लहान पोरासारखा भितो. घरी येऊन म्हणाला, "देवाने दिलेला अवयव कापून कचऱ्यात टाकायचा? मी काय कोंबडी आहे?"

अशा वेळी मामीचा भाऊ हजर असायचाच. दुनियेतल्या सगळ्या रोगांवर त्याच्याकडे उपाय, स्वतःच्या खरजेवर सोडून. "दाजी, कापाकापी कशाला? आधी जुलाबाचं मीठ घ्या. वरून पेलाभर तेल आणि तेवढाच लिंबाचा रस. सगळे खडे खालून बाहेर!"

मामाने रविवारी ते ढोसलं. नंतरचं लिहू नये, पण लिहितो. तेल गाळायची चाळणी घेऊन तो संडासात बसला. तीच चाळणी, दुसरी नव्हे. आतून ओरडला, "आले गं! आले!" चाळणीत हिरवे, मेणचट, बोराएवढे गोळे. मामाने ते नळाखाली धुतले, काचेच्या बरणीत भरले आणि बरणी ठेवली पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी. आल्यागेल्याला दाखवायचा.

"बघ ना हात लावून. धुतलेत!"

त्या दिवसापासून मी त्या घरात पाणी प्यायलो नाही.

जुलाबाने आतडी पिळून निघाली होती, आठवडाभर मामा भातावर होता. साहजिकच दुखलं नाही. झालं! डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनला दिलेली तारीख त्याने मोडली आणि आचाऱ्याच्या ताटावर पुन्हा बसला, तोही आधीच्या दुप्पट भुकेने. मेहुणा तर स्वतःला धन्वंतरीच समजायला लागला.

एके सकाळी मामी वड्या पाडत होती. मामा समोर आला आणि तिचा हात थबकला. "डोळे बघू तुमचे." डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, साबणासारखा. अंगाला खाज, लघवी चहासारखी. ते तो चार दिवस लपवून होता.

"चला दवाखान्यात."

"कशाला? खडे तर बरणीत आहेत. उन्हाने झालं असेल."

मामीने तार खाली ठेवली. आत गेली, बरणी आणली, त्यातला सगळ्यांत मोठा गोळा लाकडी पाटावर ठेवला आणि त्यावरून तार ओढली. गोळ्याचे दोन गुळगुळीत तुकडे झाले.

"अहो, खडा तारेने कापतो का?"

मामीने एक तुकडा त्याच्या तळहातावर आपटला. "घासा."

मामाने सवयीने चिमटीत घासला. आयुष्यभर तो कढईतला माल असाच तपासत आला होता. तुकडा बुळबुळीत झाला, तेलकट पसरला. मामाचं तोंड उतरलं.

"कच्चा साबण आहे," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही प्यायलेलं तेल आहे ते! पोटात कढई लावलीत आणि वास घेऊनही कळलं नाही? खडे आतच आहेत. चला आता, नाहीतर मी या तारेनेच काढते."

दवाखान्यात तोंडातून नळी घालून आधी अडकलेला खडा काढला, कावीळ उतरली, मग पोटाला भोकं पाडून पित्ताशयच काढलं. त्यातले खडे नर्सने बाटलीत घालून दिले. काळपट, कोनाकोनांचे. घरी आल्यावर मामाने, टाके ओले असताना, त्यातला एक पाटावर ठेवून तार ओढली. तार ताडकन तुटली.

"हा माल पक्का," तो म्हणाला. आवाजात कौतुक होतं, हलकट मेला.

आता सकाळी खाऊन निघतो. आचाऱ्याचं ताट दारातल्या कुत्र्याला घालतो. कुत्रंही म्हणे एकदा हुंगून निघून गेलं.

परवा गेलो तर माठाशेजारी बरणी दिसली नाही. "टाकलीत एकदाची?" मी विचारलं.

"टाकू कशाला?" मामा कढई ढवळत म्हणाला. "तेलच होतं ना ते? नुसतं कॉस्टिक कमी पडलं होतं. घातलं यात."

निघताना मामीने नेहमीसारख्या दोन वड्या माझ्या पिशवीत टाकल्या. त्या मी मामाच्या मेहुण्याला नेऊन दिल्या.