दिल्लीला वाढपी पाठवा

आमच्या मामांनी घरात कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही. मामा म्हणजे माझे सासरे. जेवायला असे बसायचे, की जणू देवानं या माणसाला हातच दिलेले नाहीत. चटणी ताटात डावीकडंच पाहिजे, भाकरी तव्यावरून थेट ताटात पाहिजे, आणि वाढताना आमटीचा थेंब सांडला तर माझ्याकडं न बघता वर आढ्याकडं बघायचे. नवी होते तेव्हा मला रडू यायचं, पुढं पुढं नुसता संताप यायचा. कारण हाच माणूस गावात कुठं पंगत बसली, की धोतर वर खोचून असा काही वाढत सुटायचा की बघणाऱ्यानं बघतच राहावं. सगळं गाव त्यांना वाढपीअण्णा म्हणायचं. सासूबाई म्हणायच्या, "त्यांचे हात गावाला दिल्यात गं बाई. आपल्या वाट्याला नुसतं तोंड आलंय."

आमचं गाव सोनईजवळ. आसपासच्या कुठल्याही गावात लग्न असो, सप्ता असो, अण्णा आल्याशिवाय पहिली पंगत बसत नसे. आले की आधी आचाऱ्याकडं जाऊन पातेल्यात डोकावायचे, मग बाहेर येऊन मांडवभर एक नजर टाकायचे आणि मनाशी काहीतरी जुळवायचे. त्यांचा एक नेम होता. "वाढताना तोंड बघायचं न्हाई, पत्रावळ बघायची. तोंड बघितलं की हात चुकतोय." म्हणून पाटलांना जेवढी बुंदी, तेवढीच त्यांच्या सालगड्याला. एकदा पाटलांचे जावई पुन्हा पुन्हा बुंदी मागायला लागले. मामा हात जोडून म्हणाले, "पावनं, मागं लोकं बसायची हायेत अजून. शेवटच्या पंगतीला बसा, उरली तर कढईच पुढ्यात ठेवतो." मांडव हसून लोटपोट झाला. जावईबापू मात्र मानपान न घेताच परत गेले, आणि पुढं वर्षभर पाटलीणबाई आमच्या घरावरून जाताना पदर तोंडाला लावून जायच्या.

सोनईच्या एका लग्नात वऱ्हाड दुप्पट आलं. मुलीचा बाप मांडवाच्या मागं डोक्याला हात लावून बसला होता. मामांनी त्याला नुसतं म्हटलं, "पातेलं माज्याकडं सोपवा आन तुमी तोंड धुऊन या." मग काय विचारता! "घ्या हो पावनं, आवो घ्या की, लाजता काय?" असा आग्रह, पाहुण्यांनी ताटावर हात आडवे धरेपर्यंत. आणि भाताची मूद बघाल तर लिंबाएवढी. शेवटच्या पंगतीतला शेवटचा पोरगा जेवून उठला, तेव्हा पातेल्याच्या तळाशी दोन घास राहिले होते. ते त्यांनी स्वतः खाल्ले. घरी येऊन मला सांगितलं, "आग्रव मोठा करायचा सूनबाई, मूद ल्हान घालायची." मी मनात म्हटलं, घरात एकदा आग्रह केलात तर देव पावेल.

रज्जाकभाईंच्या हॉटेलात रेडिओ होता. तेव्हा नुकतंच इलेक्शन होऊन गेलेलं, पाठोपाठ लढाई झालेली, त्यामुळं देश चालवायला कसा माणूस पाहिजे, यावर तिथं रोज वाद व्हायचा. पेन्शनीवर आलेला आमच्या वाडीचा फौजी म्हणायचा, लष्करातला माणूस पाहिजे, हुकूम द्यायची सवय असलेला. कुणी म्हणायचं वकील पाहिजे, कायदा कळतो. कुणी म्हणायचं कॉलेजात शिकवणारा. देवळाली प्रवऱ्याला माझे यजमान उसाच्या मळ्यात कामाला होते, ते सुट्टीवर आले की म्हणायचे, साखर कारखाना चालवलेला माणूस न्या, त्याला सगळं येतं. मामा बशीतला चहा संपवून म्हणायचे, "फौजीचं लोकं ऐकत्यात, कारन न ऐकून जात्यात कुठं? वकिलाला एकच बाजू ठावं. मास्तरचं पोरांनी न्हाई ऐकलं तरी पगार चालू. दिल्लीला वाढपी पाठवा. ज्यानं शेवटच्या पंगतीला वाढलंय, त्यालाच कळतंय देश काय चीज हाय ते."

लोक हसायचे. रज्जाकभाई तर मुद्दाम विचारायचे, "अण्णा, कधी निघताय दिल्लीला? पिशवी भरली का?" मामाही हसायचे, पण ते गमतीनं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसं वाटायचं. घरी आल्यावरसुद्धा विषय चालूच. आन पुरंना तर काय करायचं, हा सवाल हाय, म्हणायचे, आणि पुरतंच, आपण नीट वाढलं तर पुरतंच, असं स्वतःच उत्तर द्यायचे.

मग तो दुष्काळ आला. विहिरींचा तळ दिसला, बाजरी कणसात आलीच नाही, आणि रेशनवरची ती तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, शिजवून शिजवून हात दुखायला लागले. जमीनजुमला असलेली माणसंही सरकारी कामावर खडी फोडायला गेली, मग आमचं काय? माझी लेक शकू अंगावर पीत होती, तरी मी तिला पाटीत निजवून हातोडा घेतला. पहिल्या दिवशी ओळखीची बाई दिसली की पदर पुढं ओढायचे. आठवड्यात ती लाजही गेली. सगळ्याच तिथं, कुणी कुणाला लाजायचं?

कामावर दुपारी सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठात गूळ घातलेला तो कोरडा खाऊ ट्रकमधून यायचा. सुरुवातीला नुसती झुंबड. दांडगे पुढं, बायका मागं, म्हातारी माणसं धक्के खाऊन बाजूला. मुकादम कंटाळला आणि कुणीतरी म्हणालं, आमचे वाढपीअण्णा आहेत ना! त्या दिवसापासून सुकडी वाढायचा डाव मामांच्या हातात आला.

त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर लोकांना खाली बसवलं. ओळीनं, मांडी घालून, मांडवात बसतात तसं. मुकादम म्हणाला, अहो रांग करा की. मामा म्हणाले, "रांगंत हुबं ऱ्हाऊन मागत्यात. पंगतीत बसून जेवत्यात. आपुन मागाया आलोय व्हय?" काय सांगू, त्या एका बोलण्यानं माणसं सरळ झाली. दगडांच्या ढिगाऱ्यात बसून मूठभर सुकडी खायची, पण ऐटीत खायची. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेत नसे आणि सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठत नसे, कारण पंगतीतून मधेच उठणं म्हणजे अन्नाला लाथ मारणं. सुकडी निम्मी आली तर मामा निम्मी वाढायचे, आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही. मी घरात कितीही चिडत असले तरी तिथं दगडावर बसून त्यांच्याकडं बघताना मला वाटायचं, खरंच यांना पाठवावं दिल्लीला.

आणि एक दिवस ट्रक आलाच नाही.

मुकादमाला निरोप होता की ट्रक नगरहून निघालाय. मामांनी लोकांना नेहमीसारखं बसवलं. "बसा, येतंय." ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसायचा. लोक बसले. सुट्टी संपली, मुकादमानं शिट्टी मारली. कुणी हललं नाही. ताटात काही पडल्याशिवाय पंगत उठते होय? मुकादम मामांजवळ येऊन हळू म्हणाला, "अण्णा, उठवा यांना. खडी कमी भरली तर मजुरी कमी पडंल, मला बोलू नका." मामा म्हणाले, "वाईच दम धरा. येतंय."

शकू रडून रडून गप्प झाली होती. तिला पाजायला माझ्यात काही उरलं नव्हतं, ती सुकडी पोटात गेली तरच संध्याकाळी थोडं दूध यायचं. मीही बसून राहिले. मामा म्हणताहेत ना येतंय, मग येणार.

मग एक सायकलवाला आला. पलीकडच्या गावच्या कामावरचे लोक रस्त्यात आडवे झाले होते. त्यांनी ट्रक अडवला, पोती ओढून घेतली, ज्याच्या हाताला लागलं त्यानं नेलं. ट्रक तिथूनच रिकामा परत गेला. सायकलवाल्यानं हे मामांच्या कानाशी सांगितलं, पण मी पुढच्या ओळीत होते म्हणून मलाही ऐकू आलं. ज्यांनी दंगा केला ते खाऊन मोकळे झाले होते, आणि आमची माणसं शहाण्यासारखी मांडी घालून उन्हात बसली होती.

मामा रिकामा डाव हातात धरून उभे राहिले. लोक त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि ते लोकांच्या तोंडाकडं, एकेक करत. ट्रक येणार नाही, एवढंच सांगायचं होतं, ते त्यांना सांगता येईना. सरकारात त्यांची ओळख नव्हती, ट्रक त्यांचा नव्हता, पोतं त्यांचं नव्हतं. त्यांच्याजवळ फक्त शब्द होता आणि त्या शब्दावर लोक बसले होते. मला इतकं भडभडून आलं, की वाटलं जाऊन त्यांच्या हातातला तो डाव काढून घ्यावा.

शकू पुन्हा किंचाळली आणि मी उठले. वाढप्याचीच सून भरल्या पंगतीतून उठली. शेजारची म्हातारी माझ्याकडं बघून गुडघ्यावर हात टेकून उठली. मग तिच्या पलीकडची. मग ओळच्या ओळ. कुणी मामांना शिवी दिली नाही. दिली असती तर फार बरं झालं असतं. सगळे हातोडे घेऊन आपापल्या ढिगाकडं गेले. त्या आठवड्याची मजुरी सगळ्यांचीच तुटली.

दुसऱ्या दिवशी मामांनी डाव मुकादमाला परत दिला आणि माझ्या शेजारी खडी फोडायला बसले. पुन्हा झुंबड सुरू झाली. मामा सगळ्यांत मागं उभे राहायचे. बहुतेक दिवशी त्यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही. मी माझ्यातली थोडी पुढं केली तर मान हलवायचे. "तू खा. पोर हाय तुला." त्यानंतर ते कुठल्या मांडवात वाढायला गेले नाहीत. बोलावणी यायची, ते पाय दुखतात म्हणून सांगायचे.

पुढं पाऊस झाला, हॉटेलातला वाद पुन्हा रंगला. मी शकूला घेऊन दारावरून चालले होते, तेव्हा रज्जाकभाईंनी मामांना डिवचलं, "काय अण्णा, दिल्लीला वाढपीच ना?" मामा म्हणाले, "न्हाई भाई. वाढाया कुनालाबी येतंय. लोकं आपल्या सबदावर उनात बसलीत आन आपल्याकडं द्यायला कायबी न्हाई, ह्ये ज्याला त्यांच्या तोंडावर सांगता येतंय, त्याला पाठवा. मला न्हाई आलं."  रज्जाकभाईंनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

शेवटच्या दुखण्यात मामांची शुद्ध येऊन जाऊन होती. माणसं ओळखायचे नाहीत, दूध तोंडातून बाहेर यायचं. एका दुपारी त्यांनी एकदम डोळे उघडले आणि माझा हात धरून विचारलं, "उठली का गं सगळी?"

"उठली मामा," मी म्हणाले. "पोटभर जेवून उठली."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं, आणि मला तोंड फिरवता आलं नाही.