बाळ कुणी धरायचं

आमचे बिशप ओदेरिगो मुळात दोर वळणाऱ्याचा मुलगा. बोलोन्याच्या विद्यापीठात चर्चचा कायदा शिकले, पुढे तिथेच शिकवू लागले. कुणाचं कुणाशी लग्न होऊ शकत नाही, यावर त्यांनी लिहिलेलं प्रकरण परदेशचे विद्यार्थी उतरवून नेत. मग त्यांना आमच्या डोंगरातल्या गावी बिशप करून पाठवलं. बरोबर धाकटी बहीण गिस्ला आली. तिने चूल सांभाळली आणि तिच्या हाताखाली कोंबड्या सोलत, भांडी घासत मी मोठी झाले.

बिशपांचा जीव बोलोन्यात अडकलेला होता. जेवायला बसले की तिथल्या कमानी, तिथले वाद, तिथलं धुकंसुद्धा निघायचं. गिस्ला म्हणायची, "सूप निवतंय, दादा. बोलोन्या कुठे पळून जात नाही."

पाणचक्कीवाल्या बोनाकोर्सोची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा बर्फ गुडघाभर होतं. मुलगी निळी पडलेली. तिला घोंगडीत गुंडाळून तो थेट चर्चमध्ये धावत आला. ठरलेली धर्मआई पलीकडच्या वाडीत अडकली होती आणि बाप्तिस्म्याआधीच पोर जाते की काय, असं झालं होतं. बिशपांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "गिस्ला, तू धर." तिने पिठाचे हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि बाळाला पाण्यातून उचलून घेतलं.

पोर जगली. तिचं नाव नूता. दूध शेजारणीने पाजलं, बाकी सगळं गिस्लाने केलं. बोनाकोर्सो दर आठवड्याला चेस्टनटचं पीठ घेऊन मागच्या दाराशी यायचा आणि हाक मारायचा, "कोमारे!" लेकराच्या धर्मआईला बाप आमच्याकडे असंच हाक मारतो. आधी तो दारातच उभा राहायचा. मग बाकावर बसायला लागला. मग त्याच्या सदऱ्याच्या फाटक्या बाह्या गिस्लाच्या शिवणाच्या टोपलीत दिसायला लागल्या. तो येणार त्या दिवशी ती केस नीट बांधायची. मी पाहिलं की म्हणायची, "कांदे चीर, माझ्याकडे काय बघतेस?"

नूता चालायला लागली त्या वर्षी बोनाकोर्सो बिशपांपुढे टोपी काढून उभा राहिला आणि त्याने गिस्लाला मागणी घातली. कोमारेशी लग्न होत नाही हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यालाही होतं. पण त्याचा हिशेब वेगळा होता. "कायदा तुम्हीच लिहिलाय, स्वामी. एक गाठ सैल करा."

बिशप म्हणाले, मी लिहिला नाही, नुसता समजावून सांगितला. जी बाळाला पाण्यातून उचलते ती त्याची आई होते, आणि बापाशी तिचं नातं रक्ताच्या नात्याइतकं पक्कं होतं. सूट पोपच देऊ शकतात, तीही क्वचित. आणि याच नात्यापायी त्यांनी गेल्या उपवासकाळात बुरूड लापो आणि त्याची बेर्ता यांचा मांडलेला संसार मोडला होता. बेर्ता आमच्याच अंगणात बसून रडली होती. तिच्यापुढे सुपाची वाटी गिस्लानेच ठेवली होती. आता बहिणीसाठी रोमपुढे हात पसरले, तर बेर्ताला काय तोंड दाखवायचं?

गिस्लाने चुलीपाशी सगळं ऐकलं. वाद घातला नाही. जेवण वाढताना एकच विचारलं.

"दादा, मला बाळ धर म्हणालास, तेव्हा हा नियम आठवला होता?"

"आठवला होता."

"मग?"

बिशपांनी चमचा खाली ठेवला. "लग्नाजोग्या बाईच्या हातात दिलं असतं तर विचार केला असता. तू घरातलीच. तू बाई आहेस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

तिने त्यांचा वाडगा उचलून नेला. तो अर्धा भरलेला होता.

त्यानंतर बिशपांना एक खोड लागली. बाळ कुणाच्या हातात देण्यापूर्वी ते त्या बाईला बाजूला घेऊन विचारायचे, नीट विचार केलास ना? बाया तोंडावर हात धरून हसायच्या. बाळ थंडीने रडत राहायचं. एकदा बोलोन्याहून त्यांना परत शिकवायला बोलावणं आलं. ते गेले नाहीत. कारण सांगितलं नाही, पण बोलोन्यातून आमची चक्की ऐकू येत नाही आणि संध्याकाळी भांडी आवरल्यावर गिस्ला मागच्या पायरीवर बसून तीच ऐकायची, हे त्यांनाही दिसत होतं. बोलोन्याचं नाव मात्र त्यांनी पुन्हा जेवताना काढलं नाही. बोनाकोर्सोने दुसरं लग्न केलं नाही. पीठ येत राहिलं.

नूताला मुलगा झाला तेव्हा धर्मआई म्हणून तिला गिस्लाच हवी होती. बिशप तोवर काठीवर आले होते. बोनाकोर्सो पांढऱ्या मिश्या घेऊन खांबाशी उभा. बिशपांनी सवयीने बहिणीला बाजूला घेतलं.

"नीट विचार केलास ना?"

"आज विचारतोस," गिस्ला म्हणाली.

बिशपांनी बाळ तिच्या हातात दिलं. पाणी ओतताना ते बाळाऐवजी तिच्याकडेच बघत राहिले, आणि पाणी तिच्या बाहीवरच जास्त सांडलं. बाहेर आल्यावर बोनाकोर्सोने आपला कोरडा कोट काढून तिच्यापुढे धरला. "घ्या, कोमारे," तो म्हणाला. तिने तो घेतला, आणि घर येईपर्यंत अंगावरून काढला नाही.