पोरांना चालतंय

लहान पोरांना काय दाखवावं अन् काय दाखवू नये, यावर कुणी मीटिंग घेतली की माझं डोकं फिरतं. परवा नातीच्या शाळेत तशीच मीटिंग होती. सून म्हणाली, आई, तुम्ही पण चला. गेले. कार्टूनमधल्या मारामारीवर तासभर बोलणं झालं, मग चहा झाला. मी एक शब्द काढला नाही. तोंड उघडलं असतं तर सुनेला त्या शाळेत परत जायची सोय राहिली नसती.

मी आठ वर्षांची असताना आमच्या गावातही अशी मीटिंग झाली होती. माझ्यामुळंच झाली होती.

दुष्काळ होता. आमच्या गल्लीतल्या आडाच्या तळाला वीतभर पाणी उरलेलं. वरून पोहरा सोडला तर तो बुडायचाच नाही, नुसता आडवा पडायचा. म्हणून कुणीतरी खाली उतरून वाटीवाटीनं तो भरायचा. आड अरुंद, मोठ्या माणसाला वाकायला जागा नाही, वरचे दगड सुटलेले. गल्लीत सगळ्यांत हलकी मी. रोज सकाळी माय माझ्या कमरेला बैलाचा कासरा बांधायची आणि चार बाया मिळून मला खाली सोडायच्या. आठ घरांचं पाणी मी भरायचे. मला त्याची मिजाससुद्धा होती. आज ते आठवलं की माझाच मला राग येतो.

गावात दूध सोसायटी होती. चाऱ्यावाचून दूध आटलेलं, पण वर्षाची सभा तर घ्यावीच लागायची, आणि सभेला कुणी फिरकेना. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. मग चेअरमननं सुट्टीचा दिवस धरून दिंद्रुडहून व्हिडिओ आणला. आधी सही, मग सिनेमा. भर दुपारी गोदामाच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. आम्हा पोरांना पुढं बसवलं. कॅसेटी दोनच होत्या. चेअरमननं व्हिडिओवाल्याला विचारलं, "मिठ्याबिठ्या कशात न्हाईत?"

तो म्हणाला, "भुताच्या शिनेमात न्हाईत."

"मग तीच लाव. पोरांना चालतंय."

त्या सिनेमात विहिरीतून एक हात वर यायचा आणि पाणी काढायला वाकलेल्या माणसाला खाली ओढायचा. पुढचा सगळा सिनेमा मी गुडघ्यांत डोकं खुपसून नुसता ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कासरा बांधू देईना. आठ घरांच्या घागरी आडापाशी रांगेत. मायनं दोन मुस्काटात ठेवून दिल्या. शेजारची चुलती म्हणाली, "कावून नखरे करती गं?" मी रडत रडत हाताचं सांगितलं. मायनं कासरा तिथंच टाकला, माझं मनगट धरलं आणि तरातरा सोसायटीत घेऊन गेली. होतं तेवढं दूध मोजायची वेळ होती, सगळे तिथंच होते.

"चेअरमन, मिठी बघून माझी पोरगी मेली असती का? आता आडात कोण उतरल, तुमी?" मायचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मला लई बरं वाटलं.

चेअरमन खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, चुकलं आमचं." सेक्रेटरीनं लगेच वही काढली. लहान मुलांच्या कोवळ्या मनावर वाईट परिणाम होईल असे चित्रपट सोसायटीच्या जागेत दाखवू नयेत, असा ठराव लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. सूचक झाला, अनुमोदक झाला. मायनं पदरानं तोंड पुसलं. तिचं समाधान झालं होतं.

मला वाटलं, सुटले. मी चेअरमनला विचारलं, "मग आता मला आडात सोडणार न्हाईत ना?"

कुणीतरी हसलं. सेक्रेटरीनं पेनाला टोपण लावलं. चेअरमन अगदी मायेनं म्हणाला, "आगं, भूत शिनेमात असतंय. आडात काय हाय? पाणीच हाय की."

मी मायकडं बघितलं. तिनं परत माझं मनगट धरलं. सगळ्या गावाशी भांडायची धमक होती तिच्यात, पण ती सिनेमावरून भांडली, कासऱ्यावरून नाही. कासरा तिचाच होता. तिला घागरी दिसत होत्या, हे मला कळतं. कळूनही राग जात नाही. आणि त्या वहीत कोवळं मन लिहिणाऱ्यांतल्या एकालाही, हे मन कमरेला दोर बांधून रोज कुठं सोडतात, ते विचारावंसं वाटलं नाही. लाज कशी वाटली नाही यांना?

ठरावाची शाई वाळायच्या आत मी आडाच्या काठावर होते. मायनं त्या दिवशी दोन गाठी मारल्या.

"डोळे मिटून घे," ती म्हणाली, "म्हंजी भ्या वाटणार न्हाई."

डोळे मिटून वाटीनं पोहरा भरता येत नाही. खाली गेल्यावर मी ते उघडले, आणि आठ घरांचं पाणी भरेपर्यंत उघडेच ठेवले.