कमलताईंनी शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमा

कमलताई वानखडे सिनेमा पाहायला बसायच्या त्याआधी हात धुवायच्या, तेही कोपरापर्यंत. चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून झाली होती. त्यामुळे जबाबदारीचं कुठलंही काम हात धुऊनच सुरू होतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. मग फोन आतल्या खोलीत ठेवून त्या लॅपटॉपसमोर ताठ बसायच्या आणि शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत उठायच्या नाहीत.

चंदीगडजवळच्या खरड गावात दर फेब्रुवारीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये दोन दिवसांचा चित्रपट महोत्सव भरतो. अट एकच, सिनेमा करणारा याच भागातला हवा. मास्तर, दुकानदार, कारखान्यातले कामगार मोबाइलवर सिनेमे करतात आणि पाठवतात. त्यांतले बरेचसे असे असतात की पाहणाऱ्याचा माणुसकीवरचा विश्वास उडावा. म्हणूनच निवडीचं काम समितीतल्या शहाण्यांनी कमलताईंच्या गळ्यात घातलं. त्या निवृत्त, एकट्या, खरडमध्येच फ्लॅट घेऊन राहिलेल्या. मी मोहालीला औषधांवर संशोधन करतो. रविवारी मराठी बोलायला मिळतं म्हणून त्यांच्याकडे जायचो, आणि हळूहळू फॉर्म वाचून दाखवायचं, पत्रं टाइप करायचं काम माझ्याकडे आलं.

एकदा एक भयंकर सिनेमा चालू होता. पाच मिनिटांत मी म्हणालो, "ताई, कळलं की काय ते. बंद करा."

"बंद? पोट उघडलं अन् डॉक्टर म्हणून राह्यला, मले कंटाळा आला, मी जातो घरी. चालन का? त्या माणसानं शेवटाले काही ठेवलं असन तं?"

शेवटाला काहीही नव्हतं. तरी नकाराच्या प्रत्येक पत्रात एक खरं कौतुक गेलंच पाहिजे, हा त्यांचा नेम होता. त्या माणसाला त्यांनी हिंदीत लिहवलं, 'आपकी भैंस बहुत अच्छी है।' पुढच्या वर्षी गडी फक्त म्हशीवर सिनेमा करून घेऊन आला, आणि तो निवडलाही गेला. "पाह्यलं?" कमलताई म्हणाल्या, आणि दिवसभर खुशीत होत्या.

मधुमेहानं त्यांची नजर चालली आहे हे मला कळायला तसा वेळ लागला नाही. चहा ओतताना त्या कपात बोटाचं टोक धरायच्या. पडद्याकडे पाहताना मान तिरकी करायच्या. विचारलं की म्हणायच्या, "चष्मा बदलाचा हाय." तीन वर्षं चष्मा बदलायचाच राहिला. मी काही बोललो नाही. मला वाटायचं, हे काम काढून घेतलं तर या बाईला दुसरं आहे काय? नवरा कधीच गेलेला, मूल नाही, भावाचा मुलगा लांब वर्ध्याला. शिवाय त्या आवाजावरून, बोलण्यावरून अचूक सांगायच्या की सिनेमा खरा आहे की खोटा. चालतंय तसं चालू दे, असं मी ठरवलं. त्याला मी माया समजत होतो.

त्या डिसेंबरात पिंजौरहून एक सिनेमा आला. करणारा बलविंदर नावाचा, कारखान्यातला फिटर. मला त्या रविवारी घाई होती. मी फॉर्मवरचं नाव, गाव आणि लांबी तेवढी वाचली आणि निघालो. संध्याकाळी ताईंनी फोनवर निर्णय सांगितला, "आवाजच नाही बापा त्याले. बिघडलेला पाठवला." मी तसं पत्र टाइप करून पाठवलं. कौतुकाची ओळ तेवढी त्या पत्रात नव्हती.

होळीनंतर बलविंदरचा निरोप आला. शिवीगाळ नाही, तक्रार नाही. नुसता त्याच्याच फॉर्मचा फोटो, आणि सोबत, 'नीचे लिखा था जी। पढ़ लेते।' खाली खरंच लिहिलं होतं. या सिनेमात मुद्दाम आवाज ठेवलेला नाही. माझ्या आईला ऐकू येत नाही. हा तिच्यासाठी केला आहे, तिनं तो हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसून पाहावा म्हणून.

मी ते ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चाल पिंजौरले."

बलविंदरच्या घरात शिरताच मला भिंतीवर त्याच्या आईचा फोटो दिसला, ताज्या हाराचा. कमलताईंना तो दिसला नाही. त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "माताजी को बुलाओ बेटा, मुझे उनसे माफी माँगनी है।"

"बीबी तो पूरी हो गई जी," तो आईच्या फोटोकडे पाहत म्हणाला. "बीस दिन हुए।"

ताईंनी सरळ सांगून टाकलं, "मुझे दिखता नहीं बेटा। किसी को बताया नहीं मैंने।"

"तो फिल्म आपने देखी ही नहीं?"

"बैठी रही। पूरे बाईस मिनट। लगा, अब आवाज़ आएगी।"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं आमच्यासाठी चहा ठेवला. मग पाठमोराच म्हणाला, "उनको मैंने बताया नहीं था कि ना हो गई। रोज़ हाथ से पूछती थीं, कब? नई चुन्नी निकाल के रखी थी।"

ताईंनी सिनेमा लावायला सांगितला आणि माझं मनगट धरलं. "सांग मले, काय चालू हाय." मी सांगत गेलो. म्हातारी पोळ्या लाटते आहे. मागे कुणी दार ठोठावतंय, तिला पत्ता नाही. शेजारीण वाट पाहून निघून जाते. आता घरामागून कालक्याकडची आगगाडी जाते आहे. फळीवरची भांडी हलताहेत. म्हातारीनं भिंतीला तळहात लावलाय. ती हसते आहे. पडदा काळा झाला तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी समितीला पत्र लिहवून काम सोडलं आणि कारणही स्पष्ट कळवलं. पुढच्या फेब्रुवारीत बलविंदरचा सिनेमा दाखवला गेला. सगळा हॉल चिडीचूप होता, पण तो स्वतः आला नाही. कमलताईही आल्या नाहीत. तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

मार्चमध्ये भाचा त्यांना वर्ध्याला न्यायला आला. स्टेशनवर तो पाणी आणायला गेला तेव्हा मी त्यांचा हात धरून म्हणालो, "ताई, मनाला लावून घेऊ नका. डोळेच गेले, त्याला तुम्ही काय करणार?"

"मी लपवलं. माही चूक मी घेऊन चालली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. "पण मले नव्हतं दिसत, सुहास. तुले तं दिसत होतं नं?"